एका वस्तीची चार उत्तरं

उन्हाळ्यात पुण्यातल्या कोणत्या भागांतली घरं सगळ्यात जास्त तापतात, आणि मदत आधी कुठे पोचवायला हवी, हे शोधणाऱ्या एका छोट्या अभ्यासगटात मी दाखल झाले. माझ्याकडे वाणिज्य शाखेची पदवी होती, एक्सेल येत होतं, आणि नकाशाशी ओळख शाळेत रंगवलेल्या महाराष्ट्रापुरतीच होती. पहिलं काम ऐकायला सोपं वाटलं. सगळ्या शहरात सर्वेक्षण करणं परवडणारं नाही, म्हणून आधी शहराचे प्रकार पाडायचे. सारख्या बांधणीच्या, साधारण सारख्या परिस्थितीतल्या भागांचे सात-आठ गट करायचे आणि प्रत्येक गटातल्या थोड्या जागा निवडून तिथे माणसं पाठवायची. त्यासाठी लागणारी माहिती दोन तऱ्हांची: सरकारने किंवा स्वयंसेवकांनी सगळ्यांसाठी खुली ठेवलेली, आणि कंपन्या विकतात ती.

गोंधळ सुरू झाला तो शहर कुठे संपतं या प्रश्नापासूनच. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे ३१ लाख होती, पण तेव्हाची हद्द आजची नाही. २०१७ साली ११ गावं आत आली, २०२१ साली आणखी २३. आत आलेल्यांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वेगळी काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. म्हाळुंगे, सूस, वाघोली, मांजरी बुद्रुक ही २०११ ला महापालिकेबाहेर मोजली गेली आणि आज पालिकेत आहेत. हिंजवडीचा आयटी पार्क तर ग्रामपंचायतीच्या हद्दीत उभा राहिला.

मग व्याख्या वाचायला बसले. आपल्या जनगणनेत महापालिका, नगरपालिका, छावणी मंडळ अशी कायद्याने ठरलेली ठिकाणं थेट शहर धरली जातात. त्याखेरीज एखाद्या गावात किमान ५,००० लोक असतील, मुख्य कामकऱ्यांतले किमान ७५ टक्के पुरुष शेतीबाहेर काम करत असतील आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोक राहत असतील, तर ते ‘जनगणना शहर’. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ ठिकाणं होती, २०११ मध्ये सुमारे ३,९०० झाली. या व्याख्येतली कामाची अट फक्त पुरुषांसाठी आहे. बायका शेतात राबतात की कारखान्यात, त्यावर गावाचं शहर होणं अवलंबून नाही. दुसरीकडे संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२० मध्ये मान्य केलेली पद्धत हद्दी बघतच नाही. ती जमिनीचे एक-एक चौरस किलोमीटरचे चौकोन पाडते. दर चौकोनात किमान १,५०० लोक आणि सलग पट्ट्यात मिळून किमान ५०,००० लोक असले की ते शहराचं केंद्र.

आमच्या गटात सगळ्यात अनुभवी असलेल्या सहकाऱ्याला सगळे दादा म्हणतात. मी त्याला विचारलं, ‘‘दादा, मग यातलं धरायचं कुठलं?’’

‘‘आपलं काम उन्हाचं आहे ना? उन्हाला हद्द नसते. चौकोन घे आणि त्यात घरं बघ. ठराव कुणी कधी केला ते राहू दे.’’

म्हणून चौकोन घेतले आणि घरं बघायला आकाशातून सुरुवात केली. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. एकाच जागेचं चित्र साधारण पाच दिवसांनी पुन्हा येतं आणि सगळ्यात बारीक ठिपका १० मीटर लांब, १० मीटर रुंद असतो. डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही ते उपग्रह टिपतात. हिरवी पानं जवळचा अवरक्त प्रकाश जोरात परावर्तित करतात आणि लाल प्रकाश शोषतात. त्या दोघांच्या फरकावरून हिरवाई मोजता येते. बांधकाम मोजायलाही असाच एक निर्देशांक आहे, पण त्याला लागणाऱ्या प्रकाशाच्या एका पट्ट्याचा ठिपका २० मीटरचा. हा निर्देशांक मी पहिल्यांदा चालवला तो मे महिन्याच्या चित्रावर. पुण्याभोवतालच्या उघड्या टेकड्या आणि नांगरून ठेवलेली रानं बांधलेल्या शहरासारखी उजळली. मी चक्रावले. मग कळलं की कोरडी उघडी माती आणि सिमेंट हे दोन्ही या प्रकाशात बरेचसे सारखे वागतात. दख्खनच्या पठारावर उन्हाळ्यात जमीन उघडीच असते, त्यामुळे इथे हा घोटाळा ठरलेलाच. उपाय असा की पावसाळ्यानंतरचं चित्र शेजारी ठेवायचं. तेव्हा शेत हिरवं झालेलं असतं आणि स्लॅब तसाच राहतो. आपला ऋतुक्रम माहीत असणं इतकं थेट कामाला येईल असं मला वाटलं नव्हतं.

गूगलने उपग्रहचित्रांवरून यंत्राकडून काढून घेतलेल्या इमारतींच्या बाह्यरेषाही खुल्या आहेत आणि त्यात भारत येतो. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. प्रत्येक इमारतीपुढे, ‘ही इमारतच आहे’ याची यंत्राला किती खात्री वाटते, तो आकडा दिलेला असतो. सुटे बंगले आणि सोसायट्या स्पष्ट उमटतात. छपराला छप्पर भिडलेल्या वस्तीत मात्र बऱ्याच घरांची मिळून एकच रेषा होते आणि घरांची संख्या हातातून निसटते. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, स्वयंसेवकांनी उभा केलेला नकाशा. पेठांमधली बोळं, देवळं, दुकानं, पाण्याच्या टाक्या त्यात सापडल्या. शहराच्या कडेला गेलं की तपशील विरळ होत गेला. नकाशा काढणारे लोक जिथे राहतात, जातात-येतात, तिथे तो दाट असतो.

आणि जनगणना? घराचं छप्पर कशाचं, पाणी कुठून येतं, शौचालय आहे का, दुचाकी आहे का, हे सगळं तिने विचारलेलं आहे. आमच्या कामाला छपराचा रकाना सोन्यासारखा. पण तो २०११ चा, आणि खुला मिळतो तो वॉर्डाच्या पातळीवर. त्यानंतर प्रभागांच्या सीमा बदलल्या. २०१७ च्या निवडणुकीत चार सदस्यांचे मोठे प्रभाग आले. टेकडीच्या उतारावरची वस्ती आणि पायथ्याचे बंगले एकाच प्रभागात आले की सरासरी निघते ती तिथल्या एकाही गल्लीची नसते. स्टॅन ओपनशॉ आणि पीटर टेलर या भूगोलतज्ज्ञांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ९९ काउंट्या घेऊन, निष्कर्ष सीमांवर किती अवलंबून असतो याचा टोकाचा पुरावा दिला होता. वयस्क लोकांचं प्रमाण आणि रिपब्लिकन पक्षाची मतं यांचं नातं त्यांनी तपासलं. आकडे तेच ठेवून काउंट्या फक्त निरनिराळ्या पद्धतीने जोडल्या, तर तेच नातं जवळजवळ पूर्ण उलट्यापासून जवळजवळ पूर्ण सुलट्यापर्यंत कुठेही नेता येत होतं. हे वाचल्यावर नकाशावरच्या प्रत्येक सीमेकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले.

इतर देशांत हे काम कसं चालतं तेही वाचलं. लंडनमध्ये चार्ल्स बूथने १८८९ मध्ये रस्त्यागणिक गरिबी दाखवणारा नकाशा छापला. सात रंग होते. वरच्या श्रीमंत घरांना पिवळा, सगळ्यात खालच्या लोकांना काळा, आणि त्या काळ्या रंगापुढे ‘दुर्वर्तनी, अर्धगुन्हेगार’ अशा अर्थाचे शब्द. घराघरांची माहिती त्याला मुख्यतः शाळा मंडळाच्या भेट देणाऱ्या अधिकाऱ्यांकडून मिळाली. हे लोक शाळेच्या वयाची मुलं असलेल्या घरांत जात. मूल नसलेल्या घरांचा अंदाज बूथला शेजारच्या घरांवरून बांधावा लागला. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने मोहल्ल्यांना चार श्रेणी दिल्या. कृष्णवर्णीय लोक राहत तो भाग बहुधा लाल रंगाचा, म्हणजे धोक्याचा ठरला. लिव्हरपूलमधल्या वंचित भागांचा अभ्यास करताना रिचर्ड वेबरने १९७० च्या दशकात वस्त्यांचं वर्गीकरण केलं आणि त्यातूनच पुढे ‘एकॉर्न’ हे व्यापारी वर्गीकरण आलं. कोणत्या पत्त्यावर कोणती जाहिरात पाठवायची हे कंपन्या त्यावरून ठरवू लागल्या. गरज शोधायला बनवलेलं साधन गिऱ्हाईक शोधायला वापरलं गेलं, कारण रीत दोन्हीकडे एकच असते.

ब्रिटनमध्ये २०११ च्या जनगणनेवरून केलेलं खुलं वर्गीकरणही आहे. ६० प्रकारच्या आकड्यांवरून ८ मोठे गट, त्यांत २६ गट आणि ७६ उपगट. तिथला सगळ्यात लहान तुकडा सरासरी ३०० माणसांचा आणि त्याचे आकडे सगळ्यांसाठी खुले. आपल्याकडेही प्रगणक साधारण ६०० ते ८०० लोकांच्या गटावर नेमला जातो, म्हणजे बारीक मोजणी होते. पण लोकांच्या हाती येतात ते वॉर्डाचे आकडे.

ही उणीव भरून काढायला आम्ही व्यापारी माहितीकडे वळलो. एका पुरवठादाराचा नमुना-संच बघायला मिळाला. भागागणिक फ्लॅटचे भाव, दुकानं आणि हॉटेलांची यादी, मोबाइलच्या ठिकाणांवरून काढलेली तासागणिक गर्दी. २०११ च्या वॉर्डांशी झुंजून आलेल्या मला ही कालपरवाची, नेटकी माहिती बघून हायसं वाटलं. दादाने एकच काम सांगितलं: ‘‘प्रत्येक रकान्यापुढे लिही, हे कोणाबद्दल आहे.’’

ते लिहिताना रकाने आक्रसत गेले. फ्लॅटचे भाव म्हणजे विकायला किंवा भाड्याने द्यायला जाहिरात केलेली घरं. वस्तीतली खोली ओळखीने, तोंडी बोलीवर भाड्याने जाते. ती या यादीत नाही. मोबाइलची गर्दी म्हणजे ठिकाण सांगणारी ॲप वापरणारे लोक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरतील असा फोन होता. दुपारी तापलेल्या घरात लहान मुलांबरोबर थांबणारी बाई या गर्दीत कशी दिसणार? बरीचशी माहिती पिनकोडनुसार जोडलेली होती. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने घडवलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली, ती पत्रं लवकर वाटली जावीत म्हणून. एका टपाल कार्यालयाच्या वाटपात वाडा, चाळ, सोसायटी आणि झोपडपट्टी सगळं येतं. शिवाय परवान्याची अट होती की या माहितीवरून काढलेले निष्कर्ष परवानगीशिवाय प्रसिद्ध करायचे नाहीत. ओपनस्ट्रीटमॅपची अट नेमकी उलट: श्रेय द्या, आणि सुधारलेली माहिती पुन्हा सगळ्यांसाठी खुली करा. ज्यांच्या घरांबद्दल आम्ही बोलणार त्यांनाच नकाशा दाखवता येणार नसेल तर तो करायचा कशाला, हा प्रश्न गटात उभा राहिला. भावांसाठी शेवटी आम्ही नोंदणी व मुद्रांक विभागाचे रेडी रेकनरचे दर घेतले, आणि नवीन इमारतींसाठी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प प्राधिकरणाच्या, नोंदी. दोन्ही सरकारी, दोन्ही कुणालाही बघता येणारे.

आता गट पाडायचे. त्याची रूढ रीत अशी: किती गट हवेत ते आपणच आधी सांगायचं. संगणक तितके मध्यबिंदू घेतो, प्रत्येक चौकोन जवळच्या मध्यबिंदूला देतो, मध्यबिंदू आपल्या चौकोनांच्या सरासरीवर सरकतो, आणि वाटणी स्थिर होईपर्यंत हे चालतं. यात ‘जवळ’ म्हणजे आकड्यांनी जवळ. जमिनीचा दर हजारांत असतो आणि हिरवाईचा निर्देशांक उणे एक ते अधिक एक यांच्या मधे. तसेच घातले तर दर बाकी सगळ्यांना गिळून टाकतो. म्हणून सगळे आकडे आधी एका मापावर आणावे लागतात. एका मापावर आणणं म्हणजे प्रत्येकाला सारखं वजन देणं, आणि तोही निर्णयच. सहा गट केले तर गावठाणं आणि पेठा एकत्र येत होत्या. आठ केले की वेगळ्या होत होत्या. संगणक दोन्ही उत्तरं सारख्याच खात्रीने देत होता. माझी समजूत होती की गट शहरात असतात आणि आपण ते शोधून काढतो. इथे तर प्रत्येक वळणावर माणूस ठरवत होता.

हे सगळं एका जागी येऊन भिडलं ते म्हाळुंग्याच्या बाजूला. उंच इमारतींचं काम चालू होतं आणि शेजारी पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, म्हणजे बांधकाम मजुरांचा लेबर कॅम्प. चार स्रोतांनी या जागेबद्दल चार उत्तरं दिली होती. जनगणनेत हे महापालिकेबाहेरचं गाव. उपग्रहाच्या चित्रात चकाकणारे पत्रे, म्हणून चौकोन गोदामांच्या गटात. ओपनस्ट्रीटमॅपवर ‘बांधकाम चालू’ एवढीच खूण. भावांच्या हिशेबात उच्च दराची निवासी जागा. दहा बाय दहा फुटांची खोली म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. उपग्रहाच्या सगळ्यात बारीक ठिपक्यातही अशा दहा-अकरा खोल्या मावतात, म्हणजे दहा-अकरा कुटुंबं. शहरातल्या उष्णतेच्या अभ्यासासाठी स्ट्युअर्ट आणि ओक या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेल्या १७ प्रकारांत ‘हलक्या बांधणीची, बुटकी, दाट घरं’ असा प्रकार अगदी स्पष्टपणे आहे. पण ते प्रकार काही शे मीटर पसरलेल्या भागांसाठी आहेत. कॅम्प त्याहून लहान असतो.

तिथे नांदेडकडून आलेल्या एक मावशी भेटल्या. दुपारी पत्र्याखाली कसं राहता, असं विचारलं तर म्हणाल्या, ‘‘ऱ्हात न्हाई ताई. ऊन चढलं की लेकरं घेऊन बिल्डिंगीच्या खालच्या मजल्यावर बसतो. तिथं सावली हाय, गार हाय. मुकादम बोलला तर उठतो.’’

‘‘आणि रात्री?’’

‘‘रातीला पत्रे लवकर गार व्हत न्हाईत. बाहीर निजतो. काम सरलं की पत्रे उचलून दुसऱ्या साईटीवर.’’

आमच्या नकाशात टॉवर आणि कॅम्प हे दोन वेगळे प्रकार होते आणि मावशींच्या दुपारी ती एकच जागा होती. त्यांना उन्हापासून वाचवणारी गोष्ट म्हणजे अर्धवट इमारतीचा तळमजला, आणि तिथे बसू देणं एका मुकादमाच्या हातात. ही माहिती कोणत्याही स्रोतात नाही. शिवाय कॅम्प उठतो. दर दहा वर्षांनी मोजलं तर तो सापडण्याची शक्यता फारच कमी, कारण दहा वर्षांत त्याच जागी सोसायटीचं वाहनतळ झालेलं असतं.

गटाच्या बैठकीत एक सूचना आली की चार उत्तरांतून बहुमताचं धरावं. मला ते पटलं नाही आणि मी पहिल्यांदाच बैठकीत जोरात बोलले. चार स्रोतांचं जिथे पटत नाही, तिथे सरासरी काढणं म्हणजे माणसं पुसणं. दादाला गूगलच्या इमारतींपुढचा तो खात्रीचा आकडा आठवला. तोच धागा धरून आम्ही नकाशाचे दोन पदर केले. एका पदरावर चौकोनाचा प्रकार. दुसऱ्यावर, स्रोतांचं त्या प्रकाराबद्दल किती एकमत आहे ते. जिथे एकमत नाही तिथे रंग न भरता आडव्या रेघा मारायच्या, आणि सर्वेक्षणाला पहिल्यांदा तिथेच जायचं. रेघांचे चौकोन बहुतेक शहराच्या कडेला होते, नाल्याकाठी होते, मोठ्या बांधकामांच्या पायाशी होते. ज्यांना उन्हाचा त्रास सर्वाधिक, तीच माणसं तिथे सापडली. हा योगायोग नाही. घर कच्चं असणं, तात्पुरतं असणं, कागदावर नसणं या गोष्टी एकमेकींचा हात धरून येतात, आणि स्रोतांचं भांडण लागतं ते त्यांच्यामुळेच.

नवीन जनगणना आता येते आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे बारीक तुकड्यांत, कुणाची ओळख उघड न करता, लोकांना मिळावेत अशी माझी मनापासून मागणी आहे. पण लेबर कॅम्पसाठी तेवढ्यावर थांबायची गरज नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा, जो २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत सामावला, सांगत होता की मालकाने कामगारांना कामाच्या जागी किंवा जवळ तात्पुरती राहण्याची सोय विनामूल्य द्यायची. म्हणजे कॅम्प ही कायद्यानेच मानलेली जागा आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा आणि आठपेक्षा जास्त घरांचा विक्रीचा प्रकल्प महारेराकडे नोंदवावा लागतो, आणि त्या नोंदीत घर घेणाऱ्याला हवा असलेला तपशील असतो. त्याच नोंदीत आणखी तीन रकाने हवेत: कॅम्प कुठे आहे, त्यात किती माणसं राहतात, छप्पर कशाचं आहे. तिमाहीला एकदा अद्ययावत करून खुले ठेवले तर उष्णतेच्या लाटेचा इशारा आला की पाण्याचे टँकर आणि आरोग्यसेविका कुठे पाठवायच्या, हे पालिकेला सकाळीच कळेल. ही माहिती बांधकाम करणाऱ्याकडे आजही आहे, कारण पत्रे त्यानेच आणलेले आहेत.